कंटाळ्याचा महिना

सर पहिलीतल्या लेकरांना अहो-जाहो करायचे आणि तालुक्याहून आलेल्या साहेबांना "काय बाबा, बरा हायेस का" म्हणायचे. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, वयामुळे गल्लत होत असेल. पण शेंबूड ओघळणाऱ्या एका पोरासमोर वाकून ते म्हणाले, "तुम्ही जरा नाक पुसून घेता का?" आणि ते पोरगंही मोठ्या ऐटीत शर्टाच्या बाहीला नाक पुसून मोकळं झालं, तेव्हा मी विचारलंच.

सर म्हणाले, "बाई, लेकरातून काय निघंल ते कुणालाच ठावं न्हाई. म्हणून आदर आधीच देऊन ठेवायचा. मोठ्या माणसातून जे निघायचं ते निघून गेलेलं असतंय. आता त्याला आपण काय करणार?"

मला मात्र ते 'तुम्ही'च म्हणायचे. माझ्यातून अजून काही निघण्याची त्यांना आशा असावी, असं मी धरून चालले.

आमची जिल्हा परिषदेची शाळा परतूरपासून जरा आत, कापसाच्या रानांमधे. माझं माहेर जालन्यात मस्तगडला. नोकरीसाठी मी परतूरला खोली घेऊन राहायची आणि रोज स्कूटीवर शाळेत यायची. सर मुख्याध्यापक. शेजारच्याच गावचे. त्यांच्याकडे एक जुनी मोटरसायकल होती, तिचं इंजिन ते शाळा दिसायच्या आधीच बंद करायचे आणि मग गाडी ढकलत आवारात आणायचे. "आपण नसताना शाळा कशी असती ते बघायचं असंल तर आवाज करून कसं चालंल?" असं त्यांचं म्हणणं. आवाज नव्हता हे खरं, पण चढावर गाडी ढकलणारे सर सगळ्या वर्गांच्या खिडक्यांतून दिसायचे. पोरं शहाणी, ती रोज पाहून न पाहिल्यासारखं करायची.

सर कुणालाही शाब्बास म्हणत नसत. शाब्बास म्हटलं की लेकरू तिथंच थांबतं, असं त्यांचं मत. उत्तर बरोबर आलं की ते म्हणायचे, "मंग?" पोरगं गोंधळायचं, पुढचं काहीतरी बोलायचं. सर परत म्हणायचे, "मंग?" हळूहळू हा रोग गावात पसरला. आई म्हणायची, भाकरी झाली, जेवायला बस. पोरगं म्हणायचं, मंग? एका आजोबांनी शाळेत येऊन तक्रार केली की नातवाला मी माझ्या जवानीतली विहीर खोदल्याची गोष्ट सांगितली, पाणी लागलं म्हणून सांगितलं, तरी त्याचं मंग संपेना. सरांनी त्यांना बसवून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "मंग? पुढं काय झालं?" आजोबा दुपारपर्यंत बोलत होते.

आता मूळ गोष्टीकडे येते.

सरांचा एक सिद्धांत होता. हुशार लेकरू कसं ओळखायचं, तर त्याला कंटाळा किती लवकर येतो त्यावरून. "हुशार लेकराला कंटाळा पहिल्यांदा येतो," ते सांगायचे. "बाकीच्यांना मागाहून येतो, आन् मास्तराला सगळ्यात शेवटी."

हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते मला काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे सरांच्या घरच्या. सरांचे थोरले भाऊ शाळेत सारखे जांभया द्यायचे. मास्तरांनी त्यांना आधी ओणवं केलं, मग मारलं, आणि शेवटी शाळा सुटली ती सुटलीच. ते जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलायला लागले. पुढे सर डी.एड.ला गेले. एकदा घरी अभ्यास करताना एका गणितापाशी अडले, तर खाटेवर पडलेल्या भावानं, पडल्या पडल्या, मोठी जांभई देत त्याचं उत्तर सांगितलं आणि कूस बदलून झोपी गेले. ती जांभई सरांच्या डोक्यातून गेली नाही.

म्हणून दरवर्षी शाळा उघडली की सर महिनाभर पाचवीचा वर्ग स्वतः घ्यायचे. एरवी त्यांच्यासारखा शिकवणारा माणूस मी पाहिला नाही. नद्या शिकवायच्या तर अंगणात घागरी ओतून पोरांना पाण्यामागे पळवायचे. कुणाचा ओघळ दुधना, कुणाचा पूर्णा, आणि सगळे जाऊन मिळायचे गोदावरीत, म्हणजे हेडमास्तरच्या ऑफिसात. पण त्या एका महिन्यात ते मुद्दाम कंटाळवाणं शिकवायचे. त्यासाठी मेहनत घ्यायचे. काकू म्हणायच्या, घरी एकाच सुरात वाचायची तालीम करतात, ते ऐकून गोठ्यातली उभी म्हैस खाली बसते.

वाचायला मजकूरही दरवर्षी नवा. कधी विजेच्या बिलामागची बारीक अक्षरं. कधी कुकरसोबत येणारी पुस्तिका. मी नोकरीला लागले त्या वर्षीही काहीतरी असंच होतं, आणि ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे त्या वर्षी सरकीच्या बियाण्याच्या पाकिटावरचा मजकूर होता. सर वर्गापुढे उभे राहून तो वाचायचे. संपला की पहिल्यापासून. आवाजात चढ नाही, उतार नाही. डोळे मात्र ससाण्यासारखे पोरांच्या तोंडांवर. गावात त्याला कंटाळ्याचा महिना म्हणायचे.

ज्याला पहिल्यांदा जांभई येई त्याला वरच्या खोलीत पाठवायचं. आमच्या शाळेला वरचा मजला नव्हता. ती खोली अंगणाच्या टोकाला, दोन पायऱ्या उतरून खाली होती. पण सरांनी तिला वरची म्हटलं आणि सगळा गाव म्हणायला लागला. तिथं उघडून ठेवलेला पंखा होता, मुका रेडिओ होता, नावं नसलेले नकाशे होते, आणि सरांनी कुठून कुठून जमवलेली अशी गणितं, ज्यांची उत्तरं त्यांनाही येत नव्हती. शाळा सुटल्यावर सर त्या पोरांबरोबर तिथं बसायचे. त्यांतली काही खरंच पुढे गेली. एकजण पुण्यात यंत्रांची चित्रं काढतो, एक मुलगी संभाजीनगरला डॉक्टर आहे. त्यामुळे सिद्धांताला नावं ठेवायची कुणाची हिंमत नव्हती.

मी पाचवीची वर्गशिक्षिका, म्हणून त्या महिन्यात मागच्या बाकावर बसून कुणी जांभई दिली का यावर नजर ठेवणं हे माझं काम. पहिल्याच वर्षी, दुपारची खिचडी खाऊन बसलेली, मलाच आली. मी हात आडवा धरला, पण सर वाक्याच्या मध्यात थांबले. सगळा वर्ग वळून बघायला लागला. सरांच्या चेहऱ्यावर असा आदर होता, की मला लाज वाटावी का अभिमान, हेच कळेना. दुसऱ्या दिवशी मला सातवीचं गणित मिळालं, शाळेची सगळी ऑनलाइन कामं मिळाली आणि स्नेहसंमेलनही मिळालं.

एवढी सोपी परीक्षा म्हटल्यावर गाव गप्प बसणार होता थोडाच. आपलं लेकरू वरच्या खोलीत जावं असं प्रत्येकाला वाटायचं. डी.एड. करून रिकामा बसलेला गावातला एक तरुण शिकवणी घ्यायचा, त्यानं जांभईचा वर्ग काढला. संध्याकाळी त्याच्या ओसरीवर ओळीनं बसलेली पोरं तोंड उघडायची आणि मिटायची. सरपंचबाई आपल्या पोराला घेऊन दारात बसायच्या. "उघड. आणखी उघड. डोळ्यात पाणी कुठाय?" त्या पोरानं मात्र मन लावून सराव केला. पुढे पुढे तो अशी जांभई द्यायचा की रस्त्यानं जाणारी माणसं घरी जाऊन झोपायची.

सर यावर कुणाला रागे भरले नाहीत. ते बाकांमधून फिरत, ज्या पोरानं जांभई दिली त्याच्या तोंडाजवळ कान नेत आणि म्हणत, "न्हाई. ही घशातून आली. खरी कानामागून येती." मग परत पाकीट वाचायला लागत.

अशातच जिल्ह्याहून आदेश आला की प्रत्येक शाळेनं आपल्याकडचे प्रज्ञावान विद्यार्थी शोधावेत आणि दोन नावं कळवावीत. ते समजावून सांगायला विस्तार अधिकारी आले. माणूस चांगला होता, पण त्यांना बोलायची आवड होती. व्हरांड्यात पाचवी ते सातवीची पोरं बसवली. कौतुकानं आलेले आईबाप कठड्याबाहेर उभे. साहेब प्रज्ञा म्हणजे काय, प्रतिभा म्हणजे काय, सर्वांगीण विकास कशाला म्हणतात यावर बोलायला लागले.

पहिली जांभई सरपंचाच्या पोराची. डोळ्यात पाणी वगैरे सगळं बराबर. त्याची आई बाहेरून बघत होती, तिचा चेहरा फुलला. मग बाकीच्या आयांनी आपापल्या पोरांना खुणा केल्या. एक, दुसरी, मग रांगच लागली. साहेबांनी थांबून विचारलं, लेकरं जेवली नाहीत का. मी सरांकडे बघितलं. त्यांना थांबवायला हवं होतं. पण सर रांगांमधून वाकून वाकून फिरत होते, कान लावून ऐकत होते. माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, खऱ्या हायेत. सगळ्या खऱ्या हायेत."

साहेबांनी परत भाषण सुरू केलं. सर्वांगीण या शब्दावर त्यांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. त्यांना स्वतःलाच जांभई आली होती. चांगली लांब.

सर पुढे झाले, खुर्ची ओढली आणि हात जोडून म्हणाले, "तुम्ही बसा साहेब." इतक्या वर्षांत सरांनी एखाद्या साहेबाला 'तुम्ही' म्हटलेलं शाळेनं पहिल्यांदा ऐकलं.

ऑफिसात गेल्यावर मात्र साहेबांनी निकष विचारला आणि सरांनी तो प्रामाणिकपणे सांगितला. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले की महिनाभर अभ्यासक्रम बंद ठेवून बियाण्याचं पाकीट वाचणं हे चौकशीचं प्रकरण आहे. निवृत्ती तोंडावर आलेली; उगाच मागे लावून घेऊ नका. धड निकष लावा आणि दोन नावं द्या.

ते निघाले तेव्हा व्हरांड्यात एक पोरगी त्यांच्या आडवी आली. सारजा तिचं नाव, आजीचं ठेवलेलं. धनगरांची. आईबाप मेंढरं घेऊन बाहेर गेले होते ते उशिरा परतले, म्हणून ती त्याच आठवड्यात पाचवीत येऊन बसली होती. जांभईच्या वर्गाचा तिला पत्ता नव्हता. ती म्हणाली, "साहेब, सर्वांगीण म्हंजे कोणकोणत्या अंगानं?"

साहेब गाडीत बसले. पोरगी गाडी दिसेनाशी होईपर्यंत उत्तराची वाट बघत उभी राहिली.

त्या व्हरांड्यात एकटी तीच होती जिनं जांभई दिली नव्हती. हे माझ्याही लक्षात आलं होतं, आणि सरांच्याही. सिद्धांताप्रमाणे पोरगी मंद. सरांनी दुसऱ्या दिवशी पाकीट वाचायला घेतलं. सगळा वर्ग माना टाकून बसलेला, आणि सारजा बाकावर पुढे सरकून ऐकतेय. सर एका वाक्याशी आले की बियाणं उगवलं नाही तर कंपनी जबाबदार राहणार नाही. तिनं हात वर केला.

"सर, उगवायची जबाबदारी त्येंची न्हाई, तर पाकिटावर त्येंचं नाव कशाला?"

सर सवयीनं म्हणाले, "मंग?"

"मंग पाकिटावर ढगाचं नाव पाहिजे."

सरांनी पाकीट खाली ठेवलं. त्या दिवसापासून त्यांनी बाकीचा वर्ग माझ्यावर सोपवला आणि सारजाला कंटाळा आणायच्या मागे लागले. म्हणजे अक्षरशः मागे लागले. हजेरी उलटीकडून वाचून दाखवली. तर ती म्हणाली, अशी वाचली की बहीण आधी येती आन् भाऊ मागून. एकच वाक्य मधल्या सुट्टीपर्यंत वाचलं. तर ती म्हणाली, सर, तुम्ही दर वेळी श्वास वेगळ्या ठिकाणी घेऊन राह्यले. शेवटी तिला अर्धा दिवस भिंतीकडे तोंड करून बसवलं. मला ते पाहवेना, मी सांगायला गेले, तर सारजाच मला म्हणाली, बाई, आत्ता नका बोलू. भिंत दोनदा बांधलेली होती, अर्ध्यावर विटा बदलल्या होत्या, आणि मुंग्या जुन्या विटांवरूनच का जातात हे तिला बघायचं होतं.

सरांची झोप गेली. डोळे खोल गेले. म्हणायचे, बाई, ही पोरगी बिलकुल कंटाळत न्हाई, हे कसं काय? मी म्हटलं, तिच्या घरी विचारून बघू.

आम्ही गेलो. गावाबाहेर माळाकडेला घर, पुढे मेंढरांचं कुंपण. सरांनी चहाच्या आधीच विचारलं, हिला कधी कंटाळा येतो का?

सारजाची आई म्हणाली, "हिला न्हाई येत सर. आम्हाला हिचा येतो."

बापानं सगळं सांगितलं. राखायला ठेवली की ही एकाच मेंढीकडं बघत बसते. बाकीची मेंढरं दुसऱ्याच्या रानात जातात, आणि शिव्या आम्ही खातो. पाण्याला पाठवली की हंडा भरून वाहून जातो. एकदा तर मेंढरं घेऊन पुढच्या मुक्कामी पोचलो तरी ही मागच्याच मुक्कामी, वारुळापाशी. मी तर धरून चालले होते की पोरीला शाळेत ठेवा म्हणून सरांना आणि मलाच त्यांच्या हातापाया पडावं लागेल. बापच हात जोडून म्हणाला, "सर, तुम्हीच ठेवून घ्या हिला. आमच्या कामाची न्हाई ती. जितका वेळ ठेवता येईल तितका ठेवा."

परत निघालो तर सरांनी गाडी सुरूच केली नाही. शाळा कितीतरी लांब होती, तरी ढकलत चालले. मीही स्कूटी ढकलत त्यांच्याबरोबर. बाभळीपाशी आल्यावर ते थांबले.

"बाई, ही एक सापडली. पण इतकी वर्षं जी जांभई न देता बसून राह्यली, त्यांचं काय?"

मग ते परत गाडी ढकलायला लागले.

त्यानंतर सर दर रविवारी बाहेर पडायला लागले. जुने विद्यार्थी शोधायचे आणि विचारायचे, पाचवीत माझ्या तासाला तुम्हाला कंटाळा आल्ता का? माणसं घाबरायची. फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला एकजण म्हणाला, आल्ता सर, लई आल्ता, पण तुमच्यासमोर जांभई कशी द्यायची म्हणून दाबून धरली. एक बाई म्हणाली की ती उघड्या डोळ्यांनी झोपायला तिथंच शिकली आणि सासरी तिला त्याचा फार उपयोग झाला. सर प्रत्येकाची हात जोडून माफी मागायचे. मागाहून लोक आम्हाला विचारायचे, सरांची तब्येत बरी हाय ना?

एक विद्यार्थी जुन्या जालन्यात होता. तिथल्या गल्ल्या सरांना ठाऊक नाहीत म्हणून मी बरोबर गेले. कापडाच्या ठोक दुकानांमागे एका बोळात त्याचं कुकर दुरुस्तीचं दुकान. छताला कुकरची झाकणं टांगलेली. चाळिशीचा माणूस, चष्मा कपाळावर. सरांना पाहून उठला, पाया पडला, चहा सांगितला. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

तो म्हणाला, "कंटाळा? न्हाई सर. तो महिना मी आजून विसरलो न्हाई. तुम्ही कुकरची पुस्तिका वाचायचे. वाफ कुठून निघती, रबर कधी बदलायचं. मला वाटायचं, सर माझ्यासाठीच वाचून राह्यले. म्हणून तर ही लाइन धरली."

सरांनी कप बाकड्यावर ठेवला. त्यांनी विचारलं, "तुम्हाला वरच्या खोलीत यायचं होतं का?"

"होतं की. एक दिवस दारात येऊन उभा बी राह्यलो होतो. तुम्ही म्हणाले, तुमचा वर्ग तिकडं हाय."

सर म्हणाले, "मी ते तुम्हाला कंटाळा यावा म्हणून वाचत होतो. ज्याला कंटाळा येईल तो हुशार, असं मी समजत होतो."

त्यानं हातातली शिट्टी फिरवून बघितली, फडक्यानं पुसली. मग हसला. "म्हंजे मी नापास झालो म्हणायचा."

त्याच्या हसण्यात राग नव्हता, म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. सरांनी जवळचा एक कुकर ओढला आणि म्हणाले, "हे कसं चालतं ते मला सांगता का?"

तो सांगायला लागला. काय सांगत होता! वाफेचं, दाबाचं, प्रत्येक कंपनीच्या झाकणाच्या स्वभावाचं. गिऱ्हाइकं येऊन परत गेली. आणि माझ्या लक्षात आलं, सर बाकड्यावर बसून मांडीला चिमटे काढत होते. डोळे ताणून उघडे ठेवत होते. त्यांना प्रचंड कंटाळा आला होता.

परतताना ते एकच बोलले. "ते इतकं जीव लावून सांगत होते, बाई. आन् मला जांभई येऊन राह्यली होती. मंग मी कसला हुशार?"

नावं द्यायचा दिवस आला. सरांनी सारजाचं नाव दिलं, आणि दुसरं सरपंचाच्या पोराचं. कारण इतकी खोटी जांभई इतकी खरी देणारं पोरगं बुद्धू असूच शकत नाही, असं त्यांनी मला सांगितलं. साहेबांनी निकष विचारला. सर म्हणाले, होता तो चुकीचा निघाला, नवा सापडला नाही, मी नुसतं बघून नावं दिलीत. साहेबांनी चौकशीचा विषय काढला नाही. दोघांना परतूरला परीक्षेला पाठवा म्हणाले.

सरपंचाचं पोरगं निवडलं गेलं. सारजानं एकच प्रश्न सोडवला. पहिलाच. कलत्या भांड्यातलं पाणी कुठपर्यंत येईल असा काहीतरी होता. ती त्यावर पूर्ण वेळ बसली, कागदाच्या चारी कडांवर भांडी काढली, कलती, उलटी, फुटकी, आणि पुढचं सगळं कोरं. साहेबांनी सरांना बोलावून तो कागद दाखवला. म्हणाले, मी सगळी भांडी बघितली हो, पण मार्क कशाचे देऊ?

"देऊ नका," सर म्हणाले. "तुमचं बराबर हाय. ही त्या परीक्षेची न्हाई. तिचं मी बघतो."

पण बघायला त्यांच्याकडे वेळ कुठे होता? महिनाअखेरीस सर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी भाषण केलं नाही. जाताना वरच्या खोलीची किल्ली मला दिली आणि म्हणाले, कुलूप नका लावू, ज्याला यायचं त्याला येऊ द्या. मी तसं केलं. सगळी शाळा आत घुसली. रेडिओ मुका होता तो आता खरखरतो, आणि पंख्याचं एक पातं अजून सापडलेलं नाही.

मला वाटलं होतं, सर आता घरी बसतील. दिवाळीच्या सुमाराला आईबाप मेंढरं घेऊन बाहेर पडले, सारजा आजीपाशी राहिली. एक दिवस शाळा सुटल्यावर मी स्कूटीवर परतूरकडे निघाले होते. कापूस फुटायला आला होता. रस्त्याकडेच्या रानात, पऱ्हाटीच्या दोन ओळींमधे, सर पालथ्या बादलीवर बसलेले दिसले. शेजारी उकिडवी सारजा. दोघंही एका बोंडाकडे बघत होती. मला वाटलं, सरांना ऊन लागलं की काय. स्कूटी लावून मी बांधावरून आत गेले.

काय चाललंय म्हणून विचारलं, तर सारजानं ओठांवर बोट ठेवलं. मग हळूच सांगितलं, की फुटलेलं बोंड सगळ्यांनीच बघितलंय, मिटलेलं बी बघितलंय. पण ते फुटताना कुणीच बघितलेलं नाही. तिनं आजीला विचारलं, शेताच्या मालकाला विचारलं. कुणीच नाही. म्हणून चार दिवस झाले, दोघं शाळा सुटल्यावर इथं येऊन बसतात.

सरांनी मान वळवली नाही. डोक्यावर रुमाल, चेहरा घामानं निथळत होता. "मला तर काहीच दिसून न्हाई राह्यलं, बाई," ते बारीक आवाजात म्हणाले. "दोनदा डुलकी लागली. ह्यांनी उठवलं."

"दिसंल सर," सारजा म्हणाली. "इकडच्या कडेला बघा. बिलकुल हलू नका."

सर हलले नाहीत. मी निघायला वळले, तर सारजानं माझा पदर धरला. सरांना ऐकू जाऊ नये म्हणून मला खाली वाकवलं आणि माझ्या कानात म्हणाली, "सर जरा हळू हायेत, बाई. पण येईल त्यांना. तुम्ही बी बसा."